पुस्तक बदलले, गणित तेच राहिले

शाळेत जाणाऱ्या मुलाचे गणित कच्चे राहिले, तर दोषाचे वाटेकरी पुष्कळ सापडतात. शिक्षक सापडतो, गर्दीने भरलेला वर्ग सापडतो, मंडळाचा अभ्यासक्रम सापडतो, क्लासवाला सापडतो आणि काहीच सापडले नाही तर मुलाचे नशीब तरी सापडतेच. मुलाला शाळेत न धाडता घरीच शिकविण्याचा निर्णय घेतलेल्या आईवडिलांना ही सोय नसते. तेथे शिक्षक घरचेच, वर्ग घरचाच आणि वेळापत्रकही घरचेच. मग गणित अडू लागले की दोष देण्याजोगी एकच वस्तू टेबलावर उरते, ती म्हणजे पुस्तक. पुस्तक बदलता येते, म्हणून ते बदलले जाते. एकदा, दोनदा, कित्येक घरांत तीन-चारदा.

भाषा किंवा इतिहास या विषयांत अशा बदलाने फारसे बिघडत नाही. मुलाने पेशवाई आधी वाचली आणि शिवकाल नंतर वाचला, तरी दोन्ही कालखंड त्याला समजू शकतात. गणिताची गोष्ट निराळी आहे. तेथे स्थानिक किंमत समजल्याशिवाय हातचा समजत नाही, गुणाकार पक्का झाल्याशिवाय भागाकार जमत नाही आणि भागाकाराचा अर्थ मनात ठसल्याशिवाय अपूर्णांक हे केवळ वर-खाली लिहिलेले दोन आकडे राहतात. गणित हा पायऱ्यांचा विषय आहे आणि प्रत्येक अभ्यासक्रमाने या पायऱ्या आपापल्या क्रमाने बांधलेल्या आहेत. एका जिन्यावरून मध्येच उतरून दुसऱ्या जिन्यावर चढणाऱ्याच्या काही पायऱ्या दोनदा होतात आणि काही कायमच्या सुटतात. सुटलेली पायरी त्या दिवशी दिसत नाही. ती दोन-तीन वर्षांनी, बीजगणिताच्या पहिल्या धड्याशी दिसते. तोपर्यंत मुलाने स्वतःविषयी एक निष्कर्ष काढून ठेवलेला असतो: “मला गणित येत नाही.” या प्रश्नाचे गांभीर्य या एका वाक्यात आहे.

अमेरिकेचा अनुभव

गृहशिक्षणाचा सर्वांत मोठा अनुभव आज अमेरिकेच्या गाठीशी आहे. जॉन होल्ट या शिक्षणचिंतकाने १९७७ साली ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केले. शाळेच्या चाकोरीत मुलाची जिज्ञासा मारली जाते, असे त्याचे म्हणणे होते. १९८० च्या दशकात धर्मश्रद्ध ख्रिस्ती कुटुंबे फार मोठ्या संख्येने या मार्गावर आली. त्यांची कारणे होल्टपेक्षा वेगळी होती; आपल्या मुलांवर आपले संस्कार व्हावेत, ही त्यांची इच्छा होती. दोन भिन्न प्रेरणांचे हे प्रवाह एकत्र आले आणि १९९३ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत गृहशिक्षणाला कायदेशीर मान्यता मिळाली. तेथील सरकारी पाहणीनुसार १९९९ साली सुमारे साडेआठ लाख मुले घरी शिकत होती; २०१६ साली हा आकडा सतरा लाखांच्या आसपास पोहोचला. २०२० साली कोरोनाने शाळांना कुलपे लावली. तेथील जनगणना विभागाच्या पाहणीत शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांपैकी गृहशिक्षण देणाऱ्यांचे प्रमाण त्या वर्षीच्या वसंतात ५.४ टक्के होते. शरद ऋतूत ते ११.१ टक्क्यांवर गेले.

तेथील राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. न्यूयॉर्कमध्ये वर्षाची शिक्षणयोजना, तिमाही अहवाल आणि वार्षिक मूल्यमापन द्यावे लागते. टेक्सासमध्ये वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व हे पाच विषय शिकविले म्हणजे पुरे. कोणते पुस्तक वापरावे, हे मात्र टेक्सासचे शासन घरी शिकविणाऱ्याला सांगत नाही. या स्वातंत्र्यातून एक प्रचंड बाजारपेठ उभी राहिली. गणिताचा अभ्यासक्रम तेथे खोक्यांतून घरी येतो: विद्यार्थ्याचे पुस्तक, पालकांचे मार्गदर्शक, उत्तरांची वही, चाचण्या, ठोकळे आणि चित्रफिती. निवड करणारी आई किंवा वडील बहुधा गणितज्ञ नसतात. त्यांच्यापुढे दहा खोकी असतात आणि प्रत्येक खोक्यावर लिहिलेले असते की हेच मुलाला गणिताची गोडी लावील.

तीन जिने, तीन बांधणी

या खोक्यांत काय असते ते पाहिल्याशिवाय बदलाची किंमत कळणार नाही. म्हणून तीन प्रसिद्ध अभ्यासक्रमांची बांधणी समजून घेणे इष्ट ठरेल.

पहिला सॅक्सनचा. जॉन सॅक्सन हे अमेरिकी हवाई दलातील निवृत्त अधिकारी. निवृत्तीनंतर ते ओक्लाहोमा राज्यातील एका महाविद्यालयात बीजगणित शिकवू लागले. विद्यार्थी आज शिकलेले पुढच्या महिन्यात विसरतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी १९८१ साली स्वतःच बीजगणिताचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांची रीत सैनिकी कवायतीसारखी आहे. रोजच्या धड्यात नवे अगदी थोडे. त्यानंतर तीसेक उदाहरणांचा मिश्र सराव, त्यात आजचे एक-दोन प्रश्न आणि बाकीचे मागील अनेक धड्यांतले. विसरायला सवडच नाही. मुलाला यातून पक्केपणा येतो. पण काही मुलांना रोजची तीस उदाहरणे डोंगराएवढी वाटतात आणि कोणताही एक विषय सलग न भेटल्याने त्याचे पूर्ण चित्र मनात उभे राहायला वेळ लागतो.

दुसरा सिंगापूरचा. १९६५ साली स्वतंत्र झालेल्या या नगरराष्ट्राजवळ माणसांच्या बुद्धीखेरीज दुसरी संपत्ती नव्हती. १९८० च्या दशकात तेथील शासनाने प्राथमिक गणिताची नवी पुस्तके तयार करून घेतली. आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह, हा त्यांचा क्रम आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर याच्या विचारांचा त्यावर प्रभाव आहे. शाब्दिक उदाहरण आले की मूल आधी लांबट पट्ट्या काढते, ज्ञात-अज्ञात राशी त्यांवर दाखविते आणि मग गणित मांडते. १९९५ च्या ‘टिम्स’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत चौथी आणि आठवी या दोन्ही इयत्तांच्या गणितात सिंगापूर पहिले आले. त्यानंतर अमेरिकेतील पालकांनी ही पुस्तके मागवायला आरंभ केला. या पुस्तकांची पाने सुटसुटीत असतात, उदाहरणे कमी पण खोल असतात. परंतु शिकविणाऱ्याने स्वतः विचार केल्याशिवाय ती शिकविता येत नाहीत. सरावही वरून द्यावा लागतो.

तिसरा स्टीव्ह डेमी यांचा ‘मॅथ-यू-सी’. यात इयत्ता नाहीत, ग्रीक अक्षरे आहेत. अल्फा म्हणजे एकअंकी बेरीज-वजाबाकी, बीटा म्हणजे अनेक अंकी बेरीज-वजाबाकी, गॅमा म्हणजे गुणाकार, डेल्टा म्हणजे भागाकार, एप्सिलॉन म्हणजे अपूर्णांक, झीटा म्हणजे दशांश. एकेका पुस्तकात एकाच विषयाचा ठाव घ्यायचा, रंगीत ठोकळ्यांनी तो हाताला समजावून द्यायचा आणि पक्का झाल्यावरच पुढे जायचे, ही पद्धत.

तिन्ही पद्धतींत तथ्य आहे आणि तिन्हींवर मुले चांगली शिकली आहेत. आता नऊ वर्षांच्या एका मुलाची कल्पना करावी. त्याने गॅमा पूर्ण केले आहे. तीन अंकी संख्यांचा गुणाकार तो बिनचूक करतो. पण डेल्टा आणि एप्सिलॉन अजून पुढे आहेत. या टप्प्यावर ठोकळे कंटाळवाणे झाले म्हणून घरी सिंगापूरचे चौथीचे पुस्तक आणले गेले. सिंगापूरची पुस्तके अपूर्णांकांची ओळख दुसरीतच करून देतात. चौथीचे पुस्तक ती ओळख गृहीत धरून पुढे जाते. मूल पहिल्याच आठवड्यात अडखळते. पालकांना वाटते, पुस्तक अवघड आहे किंवा मुलाला झेपत नाही. वस्तुतः दोन्ही खरे नसते. मूल जेथे पोहोचले नव्हते, तेथे त्याला उभे केले गेलेले असते. उलट दिशेनेही हेच होते. सॅक्सनच्या मिश्र सरावातून गुणाकार येऊ लागलेल्या मुलापुढे वर्षभर केवळ गुणाकाराचे पुस्तक ठेवले, तर त्याचे वर्ष वाया जाते आणि गणित म्हणजे कंटाळा हे समीकरण मात्र पक्के होते.

याखेरीज भाषेचा आणि मांडणीचा प्रश्न आहे. एका पुस्तकात ‘हातचा’ किंवा ‘उसना’ घेतला जातो, दुसऱ्यात दशकाची मोळी सोडून तिचे सुटे करतात. कृती एकच, परंतु आठ वर्षांच्या मुलाला तसे कोणी सांगितले नाही, तर त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या विद्या होतात. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या भागाकार भाज्याच्या उजवीकडे कंसाबाहेर लिहिला गेला; अमेरिकी पुस्तकांत तो भाज्याच्या डोक्यावर बसतो. वडिलांनी एक मांडणी दाखविली आणि पुस्तकाने दुसरी, की मूल भागाकार शिकण्याऐवजी मांडणीशी झुंजत बसते.

पुस्तकापेक्षा शिकविणारा मोठा

मग चांगल्या अभ्यासक्रमाला महत्त्व नाही काय? आहे, परंतु एका गोष्टीपेक्षा कमी आहे. लिपिंग मा या चिनी विदुषीचा प्राथमिक गणिताच्या अध्यापनावरील ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना विचारलेले काही प्रश्न हा त्याचा आधार. त्यांपैकी एक प्रश्न असा होता: पावणेदोनला अर्ध्याने भागा आणि या भागाकाराला लागू पडेल अशी एखादी व्यवहारातली गोष्ट रचा. चीनमधील ७२ ही शिक्षकांचे उत्तर बरोबर आले. अमेरिकेतील २३ पैकी नऊच जणांना पूर्ण बरोबर उत्तर काढता आले आणि जुळणारी गोष्ट तर फक्त एकालाच रचता आली. विशेष असे की, चिनी शिक्षकांचे स्वतःचे औपचारिक शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा कमी, अकरा-बारा वर्षांचेच होते. ते उच्च गणित शिकले नव्हते. जे प्राथमिक गणित शिकवीत होते, ते त्यांना मुळापासून समजले होते.

या प्रश्नाचे उत्तर मराठी घरात शोधून पाहावे. पातेल्यात पावणेदोन लिटर दूध आहे आणि माप अर्ध्या लिटरचे आहे. किती मापे निघतील? साडेतीन. ज्यांच्या पिढीने पाढ्यांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हटली, त्या आजीला हा प्रश्न परकीय वाटणार नाही. औट म्हणजे साडेतीन. ‘औट घटकेचे राज्य’ या वाक्प्रचारातला औट तो हाच. पाव, अर्धा, पाऊण, सवा, दीड, पावणेदोन, अडीच असे अपूर्णांकांना स्वतःची नावे देणारी भाषा ज्या घरात बोलली जाते, त्या घरात अपूर्णांकाचा पहिला पाठ स्वयंपाकघरात होऊ शकतो. त्यासाठी साता समुद्रापलीकडून खोके मागविण्याची आवश्यकता नाही. तेथील ठोकळे वाईट आहेत असे नव्हे; पण वाटी, माप आणि तराजू हेही ठोकळेच आहेत.

महाराष्ट्रातील पालकांपुढील प्रश्न

पुण्या-मुंबईतही काही कुटुंबांनी हा मार्ग स्वीकारला आहे. सहा ते चौदा वयोगटासाठीचा शिक्षणहक्क कायदा एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात गृहशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, ही संस्था खासगीरीत्या शिकणाऱ्या मुलांना दहावी-बारावीच्या समकक्ष परीक्षा देण्याची वाट मोकळी करते. या पालकांच्या टेबलावर अमेरिकी पालकांपेक्षाही अधिक पुस्तके असतात: बालभारतीची, एनसीईआरटीची, सिंगापूरची, कधी केंब्रिजची आणि पडद्यावर खान अकादमी. पर्याय अधिक, म्हणून बदलाचा मोहही अधिक.

शिवाय पुस्तके स्वतःही बदलत असतात. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर आलेली एनसीईआरटीची प्राथमिक गणिताची पुस्तके दीर्घकाळ चालली. २०२३ पासून पहिली-दुसरीला नवी पुस्तके आली आणि २०२४ साली सहावीला ‘गणित प्रकाश’ आले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे संख्यावाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला! गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका शांतपणे ऐकणारे थोडे होते. मराठीत ‘सदुसष्ट’ म्हणताना आधी सात येतात आणि लिहिताना आधी सहा येतात. लहान मुले येथे गोंधळतात, हे त्यांचे निरीक्षण होते. त्यांचा उपाय कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. अडचण मात्र खरी आहे. इंग्रजी पुस्तकातून ‘सिक्स्टी सेव्हन’ शिकणाऱ्या आणि आजीकडून ‘सदुसष्ट’ ऐकणाऱ्या मुलाच्या घरात तर ती दुप्पट आहे. अमेरिकी पुस्तकात त्याला तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम, फूट, औंस आणि डॉलर भेटतात; बाहेर लाख, कोटी, किलो आणि रुपये. पुस्तक निवडताना या दोन जगांमधला पूल कोण बांधणार, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

याच ओघात ‘वैदिक गणिता’विषयीही स्पष्ट बोलणे उचित ठरेल, कारण संस्कारी घरांत अभ्यासक्रम सोडून त्याकडे वळण्याचा कल दिसतो. पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य भारती कृष्णतीर्थ यांचा हा ग्रंथ त्यांच्या निर्वाणानंतर १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सोळा सूत्रे अथर्ववेदाच्या ज्ञात परिशिष्टांत आढळत नाहीत, हे ग्रंथाच्या संपादकांनीच नमूद केले आहे. त्यातल्या युक्त्या चतुर आहेत, आकडेमोडीचा वेग त्या वाढवितात आणि सुटीच्या दिवशी मुलांना त्या आनंदही देतात. तथापि त्या म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. नव्व्याण्णवला सत्त्याण्णवने झटक्यात गुणणाऱ्या मुलाला गुणाकार म्हणजे काय हे कळले आहे, असे मानण्याचे कारण नाही. परंपरेचा अभिमान बाळगायचा, तर तो नेमक्या ठिकाणी बाळगावा.

असे ठिकाण महाराष्ट्रातच आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ रचली. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख सांगतो की, त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि १२०७ साली त्या मठाला दान मिळाले. पुढे सुमारे चार शतकांनी, १५४५ साली, कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी त्याच ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि नियमांच्या उपपत्ती समजावून दिल्या. चारशे वर्षे पुस्तक एकच होते. शिकणाऱ्याला अडले, तेथे आचार्यांनी पुस्तक फेकले नाही. त्याचे स्पष्टीकरण नव्याने केले. आजच्या पालकाला या इतिहासातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

बदल केव्हा करावा?

याचा अर्थ एकदा घेतलेले पुस्तक जन्मभर धरून बसावे असा नाही. शाळेला एका मुलासाठी पुस्तक बदलता येत नाही, घराला येते. गृहशिक्षणाचा हा मोठा गुण आहे आणि तो गमावण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की, बदल निदानानंतर व्हावा, वैतागानंतर होऊ नये.

निदान अवघड नसते. मूल अडले की, ज्या उदाहरणात अडले त्याच्या मागे एकेक पायरी उतरत जावे. अपूर्णांकांची बेरीज जमत नाही, तर लसावि येतो का? लसावि येत नाही, तर पाढे येतात का? पाढे येतात, पण पाव आणि तृतीयांश यांत मोठा कोण हे सांगता येते का? बहुतेक वेळा खाली कोठेतरी एक सैल दगड सापडतो. तो आधीच्याच पुस्तकातला असतो आणि पंधरा दिवसांच्या शांत सरावाने तो बसवता येतो. त्यासाठी नवे पुस्तक लागत नाही. मूल तीस उदाहरणांनी थकत असेल, तर आधी पंधरा द्यावीत. पुस्तकाला त्याचा राग येत नाही. अक्षरे बारीक आहेत, पान गजबजलेले आहे, मुलाला लिहिण्याचा त्रास आहे, ही कारणे गणिताची नाहीत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

बदल खरोखर आवश्यक ठरतो तो तीन प्रसंगी. पुस्तकाची रीत मुलाच्या प्रकृतीशी जुळत नाही, हे सवलती देऊन, वेग कमी करून, दोन-तीन महिने प्रामाणिकपणे पाहिल्यावरही जाणवत असेल तर. शिकविणाऱ्या पालकालाच ते पुस्तक समजत नसेल आणि समजून घेण्याची सवड नसेल तर. आणि मूल पुढे जी परीक्षा देणार आहे, तिच्याशी पुस्तकाचा मेळ नसेल तर. तिन्ही प्रसंगी काही पथ्ये पाळावीत. एखादा विषय अर्ध्यावर असताना पुस्तक बदलू नये. नव्या पुस्तकाची पातळी मुलाच्या वयावरून ठरवू नये. अनेक प्रकाशक प्रवेशचाचणी देतात, ती घ्यावी. दहा वर्षांच्या मुलाला चाचणीत तिसरीचे पुस्तक सुचले, तर मुखपृष्ठावरच्या आकड्याची लाज वाटू देऊ नये. दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवून नव्यात जे गृहीत धरले आहे आणि जुन्यात जे झाले नाही, त्याची यादी करावी आणि नव्या पुस्तकाचे पहिले पान उघडण्यापूर्वी ती यादी पुरी करावी. हे काम एका संध्याकाळचे आहे. ते टाळल्यास त्याची किंमत मुलाला वर्षभर मोजावी लागते.

परीक्षेचा मुद्दा विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. एनआयओएसच्या दहावीत गणित अनिवार्य नाही. ते वगळून इतर विषय घेऊन मूल उत्तीर्ण होऊ शकते. कलेची किंवा भाषेची खरी ओढ असलेल्या मुलाला हे वरदान आहे. परंतु चार पुस्तके बदलून दमलेल्या घरात हीच सवलत पळवाट होते. चौदाव्या-पंधराव्या वर्षी गणित सुटले की विज्ञान, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र अशी कित्येक दारे मुलाला ती दिसण्याआधीच बंद होतात. २०१६ साली मुंबईची एक गृहशिक्षित मुलगी आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाडमधील पदकांच्या बळावर अमेरिकेच्या एमआयटी या विख्यात संस्थेत दाखल झाली. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीची वाट मात्र तिला मोकळी नव्हती. या उदाहरणाचा उल्लेख गृहशिक्षणाच्या समर्थनार्थ नेहमी होतो. त्यातून दोन बोध निघतात: घरी शिकून मूल जगाच्या शिखरावर जाऊ शकते आणि कोणत्या दाराला कोणती किल्ली लागते, हे आईवडिलांनी वेळेवर पाहून ठेवलेले बरे.

आधी पालकाची वही

या सर्व चर्चेचा रोख शेवटी पालकाकडे वळतो आणि तो तसाच वळायला हवा. ज्यांनी घरी शिकविण्याचा निर्णय घेतला, त्यांनी गुरूची जागा स्वीकारली आहे. गुरूला पुस्तक लागते. पण पुस्तक म्हणजे गुरू नव्हे. कला शाखेची पदवी घेतलेल्या आईला किंवा वीस वर्षांपूर्वी गणित सोडलेल्या वडिलांना पाचवीचे गणित पुन्हा शिकायला कमीपणा वाटू नये. चीनमधील त्या शिक्षकांनी दाखवून दिले आहे की, प्राथमिक गणित मुळातून समजायला पदव्या लागत नाहीत, चिकाटी लागते. रोज रात्री उद्याच्या धड्यातली पाच उदाहरणे स्वतः सोडविणाऱ्या पालकाला मूल कोठे अडणार हे आदल्या दिवशीच कळते. मुलालाही दिसते की, मोठी माणसेसुद्धा खाडाखोड करतात, चुकतात, पुन्हा मांडतात आणि उत्तरापर्यंत पोहोचतात. गणिताविषयीची निर्भयता कोणत्याही खोक्यातून येत नाही. ती घरातल्या माणसाकडून येते.

नवे पुस्तक मागविण्याची इच्छा होईल, त्या दिवशी पालकांनी आधी एक कोरी वही घ्यावी, मुलाजवळ बसावे आणि त्याला एकच उदाहरण मोठ्याने बोलत सोडवायला सांगावे. मध्ये टोकू नये, उत्तर सांगू नये, फक्त ऐकावे. मूल कोठे थांबले, कोठे चाचरले, कोठे त्याने अंदाज केला, हे वहीत लिहावे. आठ दिवस असे केल्यावरही पुस्तक बदलावे असे वाटले, तर खुशाल बदलावे. तो निर्णय तेव्हा त्या मुलाच्या गरजेतून झालेला असेल.